रोलर कोस्टरची हौस आणि तिचा हिशेब



आमचे नाव पत्रिकेवर पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी मनाशी धरले असेल की, आज बोनस, ठेकेदारी, नाही तर नव्या कामगार संहिता यांवर दोन घटका ऐकून घ्यावे लागणार. आम्ही विषय कळवला तेव्हा चिटणिसांचाही फोन आला होता. "अण्णा, तुमच्या पत्रात 'रोलर कोस्टर' असे लिहिले आहे, ते बरोबर आहे ना?" असे त्यांनी फार सभ्यपणाने विचारले. बरोबर आहे. कामगार चळवळीत आमची तीस वर्षे गेली, वय पंचावन्नच्या पुढे सरकले, आणि अलीकडे आम्हांला या एका यंत्राची हौस जडली आहे, हे आज चारचौघांत कबूल करून टाकतो. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचले ते नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, इंग्रजी असेल तर शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा परदेशी नावांचे उच्चार चुकले तर सांभाळून घ्यावे.

हौस कशी लागली ते आधी सांगतो. २०१६ च्या हिवाळ्यात आमच्या युनियनने सभासदांची कुटुंबासह एक सहल काढली. देवदर्शन, धरण, किल्ला हे सर्व झाले होते. पोरांनी हट्ट धरला की यंदा त्या मोठ्या पाळण्यांच्या बागेत जायचे. बागेचे नाव सांगत नाही. आम्ही जाहिरात करायला आलेलो नाही. तिथे रोलर कोस्टर होती. आम्ही तिच्यात बसलो ते हौसेने नव्हे, लाजेने. सभेत "घाबरू नका, पुढे व्हा" असे सांगणारा माणूस खाली पिशव्या सांभाळत बसला, तर पुढच्या संपाला कोण उभे राहणार? बसलो. छातीवर दांडा आला, साखळीने गाडी वर ओढायला सुरुवात केली, आणि त्या खटखट आवाजाने आमचे अर्धे भय गेले. कारण तो आवाज ओळखीचा होता. रॅचेटचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून रुळामध्ये दाते बसवलेले असतात आणि गाडीखालचा खटका एकेका दात्यावर पडत जातो. लोकांना वाटते तो आवाज भीती घालण्यासाठी केला आहे. वस्तुतः तो सुरक्षिततेचा आवाज आहे. उरलेले अर्धे भय मात्र शिखरावर भेटले. पुढे रूळ दिसेना. मग पोट मागे राहिले आणि आम्ही खाली गेलो. दीड-दोन मिनिटांनी उतरलो तेव्हा आमचे पाय लटपटत होते आणि आम्ही हसत होतो. का हसत होतो, हा प्रश्न घरी येईपर्यंत सुटला नाही.

आम्ही उमेदीची अकरा वर्षे फाउंड्रीत काढली आहेत. वितळलेल्या लोखंडाने भरलेले लॅडल डोक्यावरच्या क्रेनवर हिंदकळते तेव्हा जी भीती वाटते ती आम्हांला पाठ आहे. त्या भीतीत कधी कोणी हसलेले पाहिले नाही. मग हीच का हसवते? आमच्या बुद्धीला सापडलेले उत्तर असे: इथे आपण होऊन बसायचे असते, दोन मिनिटांत ती संपणार हे ठाऊक असते, आणि आपण येण्यापूर्वी कोणीतरी पहाटे उठून प्रत्येक बोल्ट पाहिलेला असतो. फाउंड्रीत या तीनही गोष्टी नव्हत्या. त्यातली तिसरी सगळ्यांत मोठी. पुढचे सारे बोलणे तिच्याकडे नेणारे आहे. पण वाट लांबची आहे आणि तीत मौज आहे.

या यंत्राचे मूळ शोधायला गेलो तर दोन ठिकाणी पोहोचतो. एक रशियात. तिथे हिवाळ्यात लाकडी मचाण उभारून त्यावर बर्फाचा उतार करीत आणि ढकलगाड्यांवर बसून लोक घसरत. फ्रेंच लोक अजून या गाडीला 'रशियन डोंगर' म्हणतात. गंमत अशी की खुद्द रशियन लोक तिला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात.

दुसरे मूळ अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात मॉक चंक या गावी, कोळशाच्या खाणीपाशी. तिथे १८२७ साली कोळसा खाली कालव्यापर्यंत नेण्यासाठी सुमारे नऊ मैलांचा उताराचा लोहमार्ग घातला. इंजिन नव्हते, उतारच इंजिन. भरलेल्या वाघिणी आपल्या भाराने खाली जात आणि रिकाम्या वाघिणी खेचरे वर ओढून आणीत. खेचरांना खाली न्यायचे कसे? तर गाडीला जोडलेल्या एका वाघिणीत उभे करून. असे सांगतात की खेचरांना या सवारीची इतकी गोडी लागली की पुढे ती उतार पायी उतरायला तयार होईनात. जगातले पहिले रोलर कोस्टरचे हौशी आम्ही त्या खेचरांनाच मानतो. पुढे वर ओढण्याचे काम वाफेच्या यंत्राकडे गेले, १८७२ मध्ये कोळशाला बोगद्यातून दुसरा मार्ग मिळाला, आणि हा जुना मार्ग केवळ प्रवाशांच्या मौजेसाठी १९३३ पर्यंत चालला.

हे वाचताना आम्ही एका ठिकाणी थबकलो. मॉक चंक हे नाव आम्हांला आधीच ठाऊक होते, आणि ते मौजेमुळे नव्हे. २१ जून १८७७ रोजी याच गावच्या तुरुंगात चार आयरिश खाणकामगारांना फाशी दिली गेली. त्याच दिवशी जवळच्या पॉट्सव्हिल गावी आणखी सहा जणांना. 'मॉली मॅग्वायर' नावाच्या गुप्त मंडळीचे म्हणून त्यांच्यावर खटले झाले. गुप्त पोलिस खाजगी, त्यांना पैसे देणारी रेल्वे कंपनी, आणि कंपनीचा अध्यक्ष एका खटल्यात स्वतः सरकारी बाजूने वकील म्हणून उभा. याच खटल्यांतून फाशी गेलेल्या जॉन केहो याला पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने १९७९ साली, म्हणजे फाशीनंतर शंभर वर्षांनी, माफी दिली. म्हणजे ज्या गावी पर्यटक आनंदाने किंचाळत डोंगर उतरत होते, तिथेच, त्याच वर्षांत, कोळसा काढणाऱ्यांच्या गळ्यात दोर पडत होता. यातून काही सिद्ध करायचे नाही. पण आमच्यासारख्याला हे दोन धडे एकाच गावाच्या नावाखाली वाचायला मिळाल्यावर ते वेगळे ठेवता येत नाहीत.

कोळशाच्या त्या उतारावरून कल्पना घेऊन एकाने गावात, सपाट जागी, लाकडाचा उतार बांधला. त्याचे नाव लामार्कस थॉम्पसन. न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोनी आयलंड येथे जून १८८४ मध्ये त्याची गाडी सुरू झाली. सहाशे फूट लांबी, ताशी सहा मैलांचा वेग, भाडे पाच सेंट. आपली सायकल याहून जलद जाते. दुसऱ्या टोकाला पोहोचले की सर्वांनी उतरायचे, नोकरांनी गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर चढवायची, मग पुन्हा बसायचे. थॉम्पसन मोठा धार्मिक गृहस्थ. लोकांनी दारूच्या गुत्त्यांकडे न जाता निर्मळ करमणूक करावी हा त्याचा हेतू होता. लोकांनी त्याच्या गाडीत गर्दी केली. गुत्तेही चालूच राहिले.

१८८४ हे साल आपण ध्यानात ठेवावे अशी विनंती आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार वेळेवर. आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आले तर पोटाची सोय. त्या रविवारासाठी पुढे सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने तो मान्य केला. तिकडे पाच सेंटांत मौज मिळू लागली तेव्हा इकडे मौजेला लागणारा दिवसच मिळालेला नव्हता. आमच्या तरुण सभासदांना रविवार हा सूर्यचंद्रासारखा आपोआप उगवतो असे वाटते, म्हणून हे साल आम्ही जागोजागी सांगत असतो. आज रोलर कोस्टरच्या निमित्ताने सांगितले, एवढेच.

कामगाराची सुट्टी आणि ही गाडी यांचे नाते इंग्लंडातल्या लँकशायरमध्ये फार स्पष्ट दिसते. मुंबईच्या गिरण्यांशी ज्यांची स्पर्धा होती त्याच कापडगिरण्यांचा तो मुलूख. तिथे प्रत्येक गावाच्या गिरण्या उन्हाळ्यात एक आठवडा बंद राहत. या गावच्या या आठवड्यात, शेजारगावच्या पुढच्या. सारे गाव रिकामे होऊन ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी जाई. पण तो आठवडा बिनपगारी. मग कामगार वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे एका सामाईक मंडळात जमा करीत आणि सुट्टीच्या आधी उचलीत. हुबेहूब आपली भिशी. त्या भिशीच्या पैशावर ब्लॅकपूलच्या प्लेझर बीचवर १९२३ साली 'बिग डिपर' आणि १९३५ साली 'ग्रँड नॅशनल' या लाकडी गाड्या उभ्या राहिल्या, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. भरपगारी सुट्टीचा कायदा इंग्लंडात १९३८ साली झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली.

न्यूयॉर्ककडे पुन्हा जाऊ. १९२० मध्ये शहराची भुयारी रेल्वे कोनी आयलंडला पोहोचली, पाच सेंटांत. शिवणकाम करणाऱ्या पोरी, गोदी कामगार, नुकतेच बोटीतून उतरलेले परदेशी, सारे रविवारी त्या वाळूत. तिथे २६ जून १९२७ रोजी 'सायक्लोन' सुरू झाली. पंचाऐंशी फूट उंच, ताशी साठ मैल. या वेगाच्या मागे जॉन मिलर नावाच्या कारागिराचे डोके होते. थॉम्पसनच्या गाड्या रुळावर नुसत्या ठेवलेल्या असत. फार वेग घेतला तर उडतील. मिलरने रुळाच्या खालच्या अंगालाही एक चाक लावले आणि १९१९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. वर चाक, बाजूला चाक, खाली चाक. गाडी रुळाला चिमटीत धरते. आज जगातली कितीही उंच गाडी घ्या, ती याच चिमटीवर धावते. फिटर मंडळींना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. इतरांना आम्ही फार सांगत नाही.

त्यानंतर मंदी आली, युद्ध आले, मोटारी आल्या, दूरचित्रवाणी आली. शेकड्यांनी लाकडी गाड्या पाडल्या गेल्या. १९५९ मध्ये डिस्नेलँडमध्ये पोलादी नळीच्या रुळावरची गाडी आली आणि १९७२ मध्ये ओहायो प्रांतातल्या 'रेसर' या लाकडी गाडीने जुन्या धर्तीला पुन्हा दिवस दाखवले. उलट्या वळशाचीही एक कथा आहे. १८९५ च्या सुमारास एकाने अगदी गोल वळसा बांधला होता. लोकांच्या माना दुखावत. कारण सरळ आहे. खाली वेग सर्वांत जास्त, आणि तिथे एकदम वळवले की अंगावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. १९७६ मध्ये श्वार्झकोफ आणि श्टेंगेल या जर्मन जोडीने कॅलिफोर्नियात उलट्या थेंबाच्या आकाराचा वळसा बांधला. खाली ऐसपैस, वर आवळ. जिथे वेग जास्त तिथे वळण मोठे. घाटातल्या एस. टी. ड्रायव्हरला हे भूमितीवाचून समजते.

आता हौशी मंडळी. १९७८ साली अमेरिकेत 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स' नावाची संस्था निघाली. ही मंडळी सुट्ट्या जमवून बागांमागून बागा पाहत हिंडतात. आयुष्यात किती निरनिराळ्या गाड्यांत बसलो याची वहीत नोंद ठेवतात. एका गाडीला एक 'क्रेडिट'. शंभर बार बसले तरी क्रेडिट एकच. आम्हांला हे पहिल्यांदा पोरकट वाटले. मग आठवले की आमचे एक काका बारा ज्योतिर्लिंगांची वही अशीच ठेवीत. पण या मंडळींनी मोजणीपलीकडेही काम केले आहे. पेनसिल्व्हेनियातच अल्टूना नावाचे रेल्वे कारखान्यांचे गाव आहे. तिथल्या लेकमाँट बागेत १९०२ साली बांधलेली 'लीप द डिप्स' ही गाडी १९८५ मध्ये बंद पडली. मिलरच्या खालच्या चाकाच्या आधीची, हळू, लाकडाची, भंगारात निघण्याजोगी. गावातल्या लोकांनी आणि हौशी मंडळींनी पैसा उभा केला, १९९६ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला, आणि १९९९ मध्ये ती पुन्हा चालली. सायक्लोनही १९७० च्या दशकात पाडायला निघाले होते. ती वाचली आणि १९८८ मध्ये शहराची वारसावास्तू ठरली. आपल्याकडे गिरण्यांच्या चिमण्या पडताना आम्ही पाहिल्या. एक तरी यंत्र चालू स्थितीत ठेवा, असे सांगायला आमच्यातले किती जण गेले? आम्हीही गेलो नाही. देणी मिळवण्याच्या धावपळीत ते सुचलेच नाही.

आपल्या देशात ही हौस उशिरा आली. दिल्लीचे 'अप्पू घर' १९८४ चे, मुंबईजवळ गोराईचे 'एसेलवर्ल्ड' १९८९ चे, आणि खोपोलीजवळचे 'इमॅजिका' २०१३ चे. तिथली 'नायट्रो' ही बिनतळाची पोलादी गाडी त्याच साली सुरू झाली. तिच्यात पाय मोकळे लोंबतात. त्याआधी आमच्या पिढीला जत्रेतला आकाशपाळणा आणि मौतका कुआ. त्यांची थोरवी कमी नाही, पण त्यांचे बोल्ट कोण पाहतो हा प्रश्न तेव्हा आम्ही विचारीत नसू.

आता, आपल्यापैकी पुष्कळ जण मे महिन्यात पोरांना घेऊन अशा बागेत जाणार. मोर्चा काढायला जेवढी आखणी लागते तेवढी इथेही लागते, हे आम्ही तीन सहली फुकट घालवून शिकलो. रविवारी आणि सणाला जाऊ नये. आमच्या सभासदांची साप्ताहिक सुट्टी पाळीप्रमाणे बदलते. एरवी आम्ही त्याविरुद्ध कंठशोष करतो, पण सहलीपुरती ती फायद्याची. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. आत शिरताच लोक पहिल्या दिसलेल्या पाळण्याला रांग लावतात. आपण थेट सर्वांत मोठ्या गाडीकडे जावे. पोरांची उंची घरीच मोजावी. मोठ्या गाड्यांना बहुधा १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान अट असते, आणि दोन तास रांगेत उभे राहून शेवटी काठीखाली बुटके ठरलेले पोर ज्या सुरात रडते तो सूर आम्ही ऐकलेला आहे. पाठीचे, मानेचे, हृदयाचे दुखणे असेल किंवा दिवस गेलेले असतील तर बसू नये. तिथे धाडस दाखवण्यासारखे काही नाही. जेवण करून लगेच बसू नये. बसायची जागा निवडता आली तर निवडावी: पुढच्या रांगेत दृश्य आणि वारा, शेवटच्या रांगेत ओढ. शिखरावरून पुढचे डबे खाली गेले की गाडी वेग घेते आणि शेवटचा डबा शिखरावर येतो तोवर तो फेकल्यासारखा खाली खेचला जातो. बूड आसनावरून सुटते. याच क्षणासाठी हौशी माणूस पाचशे मैल जातो.

रांगेचा हिशेब मात्र नीट सांगतो, कारण तो आमच्या धंद्यातला आहे. समजा गाडीत २८ माणसे बसतात आणि दर ९० सेकंदांनी एक गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, १,१२० माणसे. तीच गाडी दर तीन मिनिटांनी सुटली तर ५६०. तुमच्यापुढे ५६० माणसे असतील तर पहिल्या हिशेबाने अर्धा तास उभे राहाल, दुसऱ्याने एक तास. यंत्र तेच, वेग तोच. फरक फलाटावर. चौघे जण दांडे तपासत असतील तर गाडी लवकर सुटते. दोघे असतील तर तेच दोघे इकडून तिकडे धावतात. म्हणून कोठेही माणसे कमी करून काटकसर झाली असे कोणी सांगितले तर रांगेत उभे राहून घड्याळ पाहावे. ती काटकसर आपल्याच पायांनी भरून काढलेली असते. जादा पैसे देऊन रांग ओलांडण्याची तिकिटेही परदेशात आणि आपल्याकडे निघाली आहेत. त्यावर आमचे मत विचारू नये; संध्याकाळ पुरणार नाही.

आता पहाटेच्या बोल्टकडे येतो. चांगल्या बागेत दार उघडण्यापूर्वी फिटर रूळ पायी चालतात, चाके, दांडे, ब्रेक पाहतात, रिकाम्या गाड्या फिरवतात, आणि मगच सही होते. एका रुळावर दोन-तीन गाड्या धावतात तेव्हा रुळाचे तुकडे पाडलेले असतात; एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. रेल्वेतल्या बांधवांना हे नवीन नाही. त्यांचा ब्लॉक तोच हा ब्लॉक.

२ जून २०१५ रोजी इंग्लंडात ऑल्टन टॉवर्स या बागेत 'स्मायलर' नावाच्या गाडीवर काय झाले ते ऐका. त्या दिवशी रुळावर एक जादा गाडी चढवली होती. वारा जोराचा होता. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी मधेच अडकली. यंत्रणेने मागची भरलेली गाडी थांबवली, म्हणजे ब्लॉकने आपले काम चोख केले. रुळावर किती गाड्या आहेत याची फिटरांना नीट कल्पना नव्हती. यंत्रणाच चुकते आहे असे समजून त्यांनी तिचा हुकूम बाजूला सारला आणि गाडी पुढे सोडली. ती अडकलेल्या गाडीवर जाऊन आदळली. सोळा माणसे जखमी झाली. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. माणसे कित्येक तास वर, कललेल्या स्थितीत, अडकून होती. नोव्हेंबरात कंपनीने आपली चौकशी जाहीर केली: माणसांची चूक. कारखान्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला हे दोन शब्द ऐकून काय वाटते ते सांगायला नको. आमच्याकडे प्रत्येक अपघाताच्या कागदावर हेच दोन शब्द असतात. पण तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने खटला भरला आणि सांगितले की दोष त्या फिटरांचा नव्हे, मालकाचा; अशी अडचण आली तर काय करायचे याची धड पद्धतच त्यांना घालून दिलेली नव्हती. कंपनीने गुन्हा कबूल केला. २०१६ मध्ये पन्नास लाख पौंड दंड झाला. त्या निकालाची बातमी आम्ही भाषांतर करून कचेरीच्या फळ्यावर लावली. पंधरा दिवस ती तिथे होती.

आता आमची चूक. वर सांगितलेल्या त्या २०१६ च्या सहलीत, सकाळची आमची फेरी झाल्यावर दुपारी मागे राहिलेले सभासद मोठ्या गाडीच्या रांगेत होते. पाऊण तास झाला होता. त्यांचा नंबर आला आणि गाडी थांबली. फलाटावर एक पोरगा होता, विशीबाविशीचा. "काका, थोडा वेळ लागेल. एक खूण नीट येत नाहीये, फिटर पाहून जातील." आमच्या लोकांनी कुरकुर सुरू केली, आणि त्यांचा पुढारी म्हणून आम्ही आवाज चढवला. पैसे घेताना वेळ लागत नाही, सकाळी आम्ही बसलो तेव्हा गाडी ठणठणीत होती, मोठ्या साहेबांना बोलवा, सर्व बोललो. पोरगा जागचा हलला नाही. म्हणाला, "काका, थांबवायचा अधिकार मला आहे. सुरू करायचा नाही. त्यांची सही आल्याशिवाय मोठे साहेब आले तरी मी सोडणार नाही."

बंधुभगिनींनो, हे वाक्य आमच्या कारखान्यांतल्या एखाद्या पोराने मशीनपुढे उभे राहून बोलावे म्हणून आम्ही तीस वर्षे घसा कोरडा केला. आणि तो बोलला तेव्हा आम्ही समोरून ओरडत होतो. आमच्यामागे रांगेत एक सभासद उभे होते. पॉवर प्रेसवर काम करीत असता त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली आहेत. प्रेसचा सेन्सर खराब होता. पाळी संपायला एक तास होता आणि माल पुरा करायचा होता, म्हणून तो बंद करून प्रेस चालू ठेवली होती. ते हळूच म्हणाले, "अण्णा, थांबू द्या ना त्याला." आम्ही गप्प बसलो. नंतर पोराची माफी मागितली. तो आम्हांलाच पाणी द्यायला निघाला.

पन्नास मिनिटांनी गाडी सुरू झाली. त्या सभासदांचा हात पाहून पोराने त्यांना बाजूला घेतले, आपल्याकडची नियमांची वही पाहिली, डाव्या हाताने दांडा घट्ट धरून दाखवायला सांगितले, आणि मग बसवले. आम्हीही शेजारी बसलो, दुसऱ्यांदा. अपघात होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. फोटो काढायची वेळ आली की ते उजवा हात खिशात घालीत. मुलीच्या लग्नातल्या फोटोंतही तो दिसत नाही. पहिल्या उतारावर आम्ही डोळे मिटले, म्हणून काय झाले ते आम्हांला खाली आल्यावर कळले. उतारावर एक कॅमेरा बसवलेला असतो आणि बाहेर पडताना आपलेच चेहरे विकत मिळतात. त्यात आम्ही तोंड वेंगाडून, डोळे गच्च मिटून बसलो आहोत, आणि शेजारी तो उजवा हात, दोन बोटांचा, सरळ वर.

फोटोचे साडेतीनशे रुपये आमच्या खजिनदाराने सहलीच्या खात्यातून दिले. वर्षअखेरीस हिशेबतपासनिसांनी त्यावर लाल खूण केली: 'कशासाठी?' खजिनदाराने आमच्याकडे पाहिले. आम्ही पैसे खिशातून भरले. फोटो कचेरीत लोखंड्यांच्या तसबिरीशेजारी आहे. यंदाची सहल पावसाळ्यानंतर, मंगळवारी; भिशीचे हप्ते सुरू झाले आहेत, आणि पहिल्या गाडीत कोणी बसायचे यावर आतापासूनच वाद आहे.